कोरबाव घाटातले जोडवड

मंडळी, जरा इकडं सावलीला या. खाली जेसीबीची धूळ फार आहे. या कोरबाव घाटाचं चौपदरीकरण तीन वर्षं चाललंय. वरचा पट्टा झाला, खालची वळणं बाकी. दुभाजकात ठेकेदारानं कण्हेर लावलीय, ती तुम्ही बघितलीच. पण त्याच दुभाजकातले हे वड ठेकेदाराचे नव्हेत. नीट बघा, एकही वड एकटा नाही. दोन-दोन उभे आहेत, आणि प्रत्येक जोडीत अंतर पाच हातांचं. मी याच रस्त्यावर मैलकुली होतो, सगळी नोकरी इथले खड्डे बुजवण्यात गेली. इतकी जवळ झाडं कुणी लावली, असं नवे साहेबही विचारत होते. त्यांना सांगितलं तेच सांगतो.

संस्थानाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. इथं नुसती बैलांची वाट होती. ती रुंद करून गाडीरस्ता करायचा असं दरबारानं ठरवलं आणि तुरुंगातले चाळीस कैदी कामाला आणले. दोघादोघांना एका साखळीत जखडलेलं. साखळी पाच हातांची. एकाला तहान लागली तरी दुसऱ्यानं उठायचं.

त्यांत सुभाना कोळेकर आणि दादू मुलाणी अशी एक जोडी होती. सुभानानं घराच्या आढ्यासाठी राखीव रानातला साग तोडला होता. दादूनं बांधाच्या भांडणात भावकीतल्या एकाचं डोकं फोडलं होतं. दोघांची आधीची ओळख नव्हती. पहिलं वर्षभर ते एकमेकांशी बोललेसुद्धा नाहीत, म्हणे.

रस्ता पुरा झाला की सुटका, असा दरबाराचा शब्द होता. दोन वर्षांत खडी पडली, कठडे उभे राहिले. मग भर चैतात दरबारचे कारभारी पाहणीला आले. घाम पुसत म्हणाले, "सावली कुठाय? सावली पडल्याशिवाय रस्ता पुरा झाला असं धरायचं नाही."

झालं. कैद्यांना वडाच्या फांद्या रोवायला लावलं. उन्हाळ्यात फांद्या वाळल्या. पुढच्या साली गुरांनी खाल्ल्या. सकाळी उठलं की माणसं आधी पालवी फुटली का ते बघायची, आणि घागरी उचलायची.

तिसऱ्या साली वणवा आला. दुपारची वेळ. सुभाना आणि दादू या खिंडीत कमरेइतके खड्डे खणून त्यांत पाणी ओतत होते. बाकीचे कैदी वर उघड्या कातळावर होते, ते वाचले. पहारेकरी किल्ल्या घेऊन खाली पळाले. सुभाना वर धावला, दादू खाली. साखळीला हिसका बसला आणि दोघंही आपटले.

"सुभान्या, खड्ड्यात पड!" दादू ओरडला.

एका खड्ड्यात एकच माणूस मावत होता. हा एकात, तो दुसऱ्यात, ओल्या मातीत तोंड खुपसून पडले. आग वरून गेली. पण दोन खड्ड्यांच्या मधे साखळी वाळक्या गवतावर पडली होती. ती तापली. लोखंडाची धग दोघांच्या घोट्यापर्यंत आली आणि पाय कुणालाच ओढून घेता येईना. दोघांच्या किंकाळ्या वर कातळापर्यंत ऐकू गेल्या, असं सांगतात.

दोघं जगले. फांद्या मात्र जळाल्या. दरबारातून हुकूम आला, पुन्हा लावा.

दादूचा पाय चिघळत गेला. श्रावणात तो गेला. साखळी छिनीनं तोडून त्याला इथंच, कठड्याच्या पलीकडं पुरलं. सुभानाला नवा जोडीदार मिळाला नाही. तो एकटाच खणायला लागला. पण एक खड्डा झाला की पाच हात मोजून शेजारी दुसरा खणायचा. मुकादम चिडला. "आता एकटाच आहेस ना? मग दोन कशाला?"

"दादू कुठं पडंल?" सुभाना म्हणाला.

मुकादमानं त्याला खणू दिलं. मग बाकीच्यांनीही तसेच खणले.

पुढं सात वर्षांनी सावली पडली आणि कैदी सुटले. सुभाना गावी गेला, पण महिन्याभरात परत आला. खिंडीत खोपट घालून राहिला. कुणी वडाला बैल बांधला, झोळी बांधली, की लंगडत जायचा आणि गाठ सोडायचा. भांडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "यांना काही बांधू नका, बाबांनो. आमचं बांधून झालंय." मरताना त्यानं गावाकडून तेवढाच शब्द घेतला.

आता झाडं राखली, पण ती दोन रस्त्यांच्या मधे अडकली. इकडून ट्रक, तिकडून ट्रक. वटपौर्णिमेला आमच्या बाया कडेला तांब्या घेऊन उभ्या राहतात, वाहनं थांबायची वाट बघत. कधी अर्धा अर्धा तास जातो. आजही एखादी नवी सून सूत घेऊन येते, तेव्हा सासू ते तिच्या हातातून काढून कमरेला खोचते आणि म्हणते, "इथं गुंडाळायचं नाही, पोरी. नुसतं पाणी घाल."