विहीणबाईंचा कंगवा

वरमाईचा तोरा काय सांगावा! लग्नाच्या सकाळी मोहितेबाई पार्लरच्या खुर्चीत बसल्या आणि कडाडल्या, "अंबाडा घाल पटकन!"

गर्दीत सगळे कंगवे वापरून झाले होते. पार्लरवाली हर्षदा ते धुऊन जंतुनाशकात बुडवू लागली. "दहा मिनिटं थांबा, काकू. जंतू मरू देत."

"जंतू? कुणाला दिसलेत कधी? नाटकं पुरे! तो बाहेर पडलाय तोच कंगवा फिरव. मुहूर्त टळेल माझा!"

"बरं," हर्षदाने कंगवा उचलला. "आत्ताच तुमच्या विहीणबाईंच्या डोक्यातून काढलाय. फिरवते."

मोहितेबाईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "बुडव! चांगला वीस मिनिटं बुडव!"

"आणि मुहूर्त?"

"थांबेल तो!"

ज्यांना जंतू दिसत नाहीत, त्यांना विहीण दाखवावी.