लुमाजीने जिंकलेला वाद

एका गावात एक भोळा गडी होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात आणि त्यांचं चालून जातं. पण हा जन्मला नेमका तर्काईच्या गावात, आणि तिथे फुकटचं काही चालत नसे.

तर्काई ही विचार करणाऱ्यांची देवी. बाकीच्या देवींच्या हातात तलवार नाहीतर त्रिशूळ. हिचा एक हात मांडीवर, दुसऱ्याचं बोट हनुवटीवर. तिला नवस चालायचा नाही, कोंबडं चालायचं नाही. तिच्यापुढे शंका ठेवायची. देवळात डावीकडे 'हो'वाले बसायचे, उजवीकडे 'नाही'वाले. दर अमावस्येला सगळ्यांनी उठून जागा बदलायच्या, म्हणजे कुणाला आपल्याच मताचा फार लळा लागू नये. आणि बोलणं ज्याला कळलं नाही त्याने उठून घंटा वाजवायची. हा भोळा गडी देवळात यायला लागला तशी घंटा थांबेना. पलीकडच्या गावाला वाटलं, यांच्याकडे यंदा नवरात्र लवकर बसलं.

त्याचं नाव लुमाजी. अंबाडीचे दोर वळायचा आणि म्हाताऱ्या आईला सांभाळायचा. दोर असा वळायचा की बैल म्हातारा व्हावा पण दोर होऊ नये. देवळात जायचं त्याला काही कारण नव्हतं. कारण होतं ते देवळामागच्या घरात राहायचं. सगुणा, पुजारी आबागुरुजींची मुलगी. तिला लुमाजी आवडायचा. का आवडतो, ते तिला पटवून सांगता येत नव्हतं, आणि त्या गावात ही मोठीच पंचाईत होती.

आबा म्हणाले, "लुमाजी, तू कष्टाळू आहेस, खोटं बोलत नाहीस. माझी ना नाही. पण तर्काईच्या पुजाऱ्याचा जावई आयुष्यात एक तरी वाद जिंकलेला हवा. चैत्री पौर्णिमेच्या सभेपर्यंत देवळात ये, शीक, एक वाद जिंक आणि हिला घेऊन जा."

"येकच?" लुमाजीने विचारलं.

"तुझ्यासाठी एकच," आबा म्हणाले.

पहिला धडा सोपा होता. आबा म्हणाले, "कुणी काहीही सांगू दे. नंदीबैलासारखी मान डोलवायची नाही. आधी विचारायचं, कशावरून?"

लुमाजी घोकत घोकत निघाला. देवळामागे भंडाऱ्याची खीर शिजत होती. आबांची भावजय मथुराकाकू पत्रावळी लावता लावता ओरडली, "लुमाजी, खीर उतू चाललीय. जाळ ओढ."

लुमाजी चुलीपाशी जाऊन उभा राहिला. "कशावरून?"

"अरे, फेस वर आलाय."

"फेस वर आला म्हंजी खीर उतू जानार, ह्ये कशावरून?"

मथुराकाकूने पळी उचलली. लुमाजीच्या पाठीला कशावरून ते समजलं, पण तोवर खीर चुलीत गेली होती. त्या दिवशी 'हो'वाले आणि 'नाही'वाले दोघांनीही कोरड्या भाकरी खाल्ल्या. लुमाजी मूर्ख आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. देवळाच्या आठवणीत हे पहिलंच एकमत.

आबांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, डोळ्यांना दिसतंय त्याला कशावरून विचारायचं नसतं. जे दिसतं ते दिसतं तसं सांगावं. आडपडदा ठेवू नये."

"दिसतं ते सांगावं," लुमाजी म्हणाला. "आदी का न्हाई सांगितलं?"

पुढच्याच आठवड्यात लांबून एक मोठे पंडित आले, दाजीशास्त्री. चैत्रातल्या सभेला तेच अध्यक्ष होणार होते, म्हणून आबांनी त्यांना देवीजवळ, नैवेद्याच्या ताटाशेजारी बसवलं. शास्त्रीबुवा वैराग्यावर बोलू लागले. काय बोलले म्हणता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका तरण्या गड्याने संसार सोडायचं ठरवलंसुद्धा, बायकोने मागून चिमटा काढला म्हणून राहिला.

लुमाजी उठला. घंटेकडे न जाता नुसताच उठला, म्हणून आबांना बरं वाटलं.

"गुरुजी, मला दिसतंय ते सांगू?"

"सांग की," आबा कौतुकाने म्हणाले.

"पाव्हन्यांनी चार पेढे उपरन्यात बांधले. पाचवा खाल्ला. आता सहाव्याकडं हात चाललाय."

सगळ्या देवळाने सहाव्या पेढ्याकडे पाहिलं. हात खरंच चालला होता. शास्त्रीबुवा तडक उठले आणि गेले. पेढे घेऊनच गेले.

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "दिसलं की लगेच तोंड उघडायचं नसतं. आधी डोळे मिटावे. मनातल्या मनात देवीला तीन प्रदक्षिणा घालाव्या. त्यानंतरही बोलावंसं वाटलं, तर बोलावं."

"तीन प्रदक्षिणा," लुमाजी म्हणाला. "मनातल्या मनात."

आबांना एक खोड होती. शिकवता शिकवता चालायचं, आणि शिष्यांची तोंडं दिसावीत म्हणून उलटं चालायचं. त्या दिवशी विषय होता 'माणसाला पुढचं दिसतं का'. आबा रंगात आले आणि उलटे चालत चालत गोठ्याकडे सरकले. गोठ्यामागे शेणाचा खड्डा. बाकीचे शिष्य खाली माना घालून विचार करत होते. लुमाजीला खड्डा दिसला. त्याने तोंड उघडलं. मग धडा आठवला, तोंड मिटलं, डोळेही मिटले.

मनातल्या मनात तो देवळाच्या पायऱ्यांशी गेला. वहाणा काढल्या. पाय धुतले. पहिली प्रदक्षिणा झाली. दुसऱ्या प्रदक्षिणेत मथुराकाकू आडवी आली. मनातली झाली तरी तिच्या हातात पळी होती, म्हणून लुमाजीने जरा लांबून वळसा घेतला. तिसरी प्रदक्षिणा झाली, नमस्कार झाला, वहाणा घातल्या आणि त्याने डोळे उघडले.

"गुरुजी, मागं खड्डा हाय."

"समजलं," आबा खड्ड्यातून म्हणाले.

शेण कमरेपर्यंत होतं. आबांचं पागोटं तेवढं वाचलं होतं. कुणी हसलं नाही, कारण आधी हसावं की आधी हात द्यावा यावर दोन मतं पडली होती. आबा लुमाजीकडे पाहून म्हणाले, "तू एकदा माझ्या जागी येऊन बघ, म्हणजे तुला कळेल."

लुमाजीने उडी मारली.

आता आबांच्या पागोट्यालाही शेण लागलं. दुसरा कुणी असता तर त्याने लुमाजीला तिथेच पुरलं असतं. पण आबा खरे गुरू होते. शिष्य इतका जवळ आलाच आहे तर त्याला शिकवून घ्यावं, असं त्यांना वाटलं.

"लुमाजी, आता नीट ऐक. तर्काईचा सगळ्यात मोठा नियम हाच आहे. वादाला उभं राहिलं की आपली बाजू आधी मांडायची नाही. आधी समोरच्याची मांडायची. त्याला येईल त्याहून चांगली मांडायची. इतकी चांगली की तो उठून म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग ती खोडायची आणि आपली मांडायची."

"आदी त्याची. त्याच्याहून चांगली," लुमाजी म्हणाला. एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यापुढचं बसायच्या आत सगुणाने वरून दोर सोडला.

तिने दोघांनाही वर ओढलं. आबा विहिरीकडे गेले. सगुणा हसून हसून खाली बसली होती. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "एवढा एक वाद जिंका. पुढचे आयुष्यभर मी जिंकत जाईन."

लुमाजीला त्या क्षणी एवढा आनंद झाला की अंगाला येणारा वास त्याला आलाच नाही.

चैत्र जवळ आला तसं आबांचं जेवण कमी झालं. पोरीचा जीव लुमाजीत अडकलेला, आणि लुमाजी शेळीशीही वाद जिंकेल असं वाटत नव्हतं. शेवटी बापाच्या मायेने गुरूला बाजूला सारलं. आबांनी एक चलाखी केली. त्यांच्या बहिणीचा मुलगा परसराम. त्याच्यासाठी सगुणाला मागणी आली होतीच. परसराम माणूस सज्जन, पण चार लोकांत उभा केला की त्याला स्वतःचं नावही आठवायचं नाही. आबांनी निरोप धाडला, की चैत्री पौर्णिमेला सभेत ये, सगुणा कुणाला द्यावी यावर लुमाजीशी वाद घाल. समोर मुका गडी उभा केल्यावर लुमाजीला 'मला द्या' एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द दोनच होते, आणि आबांनी मोजून पाहिले होते.

पौर्णिमेला देऊळ भरलं. शास्त्रीबुवा फिरकले नाहीत, म्हणून अध्यक्षपण आबांनीच घेतलं. सगुणा हार घेऊन देवीपाशी बसली. लुमाजीची आई बायकांत पुढे बसली, शेजारणींना म्हणत होती, "माझं घर आज भरंल."

आधी परसराम उठला. "मी," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजी." मग घाम पुसून खाली बसला.

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. "लुमाजी, बोल. थोडक्यात बोल."

लुमाजी उठला. सगुणाने हार नीट धरला.

"मंडळी," लुमाजी म्हणाला, "परसरामाला बोलता आलं न्हाई. पर त्याची बाजू लई मोठी हाय. ती आदी ऐका. आबांच्या घरात दिवसभर वाद. सगुणा जन्मल्यापासून आरडाओरडा ऐकतीया. आता हितं यक मानूस हाय, जो बोलतच न्हाई. तिला आयुष्यात पैल्यांदा शांत झोप लागंल."

बायकांत माना डोलल्या. काहींनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं.

"त्याच्या शेतात हीर हाय. माझ्या घरी पानी दीड कोसावरनं आनावं लागतं. त्याच्या दारात दोन दुभत्या म्हशी हायती. माझ्या दारात म्हशीला बांधायचा दोर हाय. आनि जावई म्हनून बगितलं, तर परसरामानं आबांच्या डोईवर कदी शेन उडवलं न्हाई."

देऊळ हसलं, आणि हसता हसता पटलंही. परसराम उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "व्हय," तो खणखणीत म्हणाला, "मला ह्येच म्हनायचं हुतं."

आबांचा चेहरा उतरला होता. "उत्तम मांडलास पूर्वपक्ष. आता खोड तो. खोड पटकन."

लुमाजीने डोळे मिटले. वहाणा काढल्या, पाय धुतले, तीन प्रदक्षिणा घातल्या. डोळे उघडून म्हणाला, "खोडायला जागाच न्हाई, गुरुजी. कुनीतरी लई चांगली मांडलीया."

"मेल्या, तुला पोरगी पायजे ना?" त्याची आई ओरडली.

सभेत मुलीला एक प्रश्न विचारायचा हक्क असे. सगुणा उठली. "हे सगळं राहू द्या. तुमचा माझ्यावर जीव आहे, हे मला ठाऊक आहे. आहे ना?"

जीव होता. पण जीव काही डोळ्यांना दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते कुणी सांगितलं, की काय विचारायचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कशावरून?" लुमाजी म्हणाला.

सगुणाही त्याच गावची होती. पुरावा नसेल तर हट्ट धरायचा नाही, हे तिला बोलायला यायच्या आधी शिकवलेलं. तिने डोळे पुसले, पुढे गेली आणि परसरामाच्या गळ्यात हार घातला.

मग निकाल लागला. 'हो'वाले आणि 'नाही'वाले दोघेही म्हणाले, असा वाद बापजन्मी ऐकला नाही. लुमाजी जिंकला. आबांनी त्याच्या अंगावर शाल घातली. लुमाजी धावत आईकडे गेला.

"आये, जिंकलो."

"आन सून?"

"ती परसरामाकडं गेली."

"मग तू जिंकलास काय, मेल्या?"

लुमाजीने विचार केला. शाल चांगली होती, पण आईला ती दाखवून काही उपयोग होईल असं त्याला वाटेना. तेव्हा कुठे त्याच्या छातीत काहीतरी रुतलं. तो तिथेच पायरीवर बसून राहिला.

आठ दिवसांनी लग्न झालं. लुमाजीने मांडवाचे दोर बांधले, पाणी भरलं, पंगती वाढल्या. जेवताना करवल्यांनी नवरानवरीला अडवलं. नाव घेतल्याशिवाय घास नाही. सगुणाने नाव घेतलं. परसराम उठला. "मी," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजी." मग त्याने घाम पुसला आणि वाढणाऱ्या लुमाजीकडे केविलवाणं पाहिलं.

लुमाजीने हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. समोरच्याची बाजू अडली होती.

"अंबाडीचा दोर वळला, त्याला तीनपदरी पीळ," तो म्हणाला, "सगुणाचं नाव घेतो, जिच्या गालावर तीळ."

मांडवात वाहवा झाली. सगुणाने मान खाली घातली. परसरामाने वाकून तिच्या उजव्या गालावर तीळ शोधला. त्याला सापडेना.

"डाव्या," लुमाजीने त्याला हळूच सांगितलं आणि वरण वाढत पुढे गेला.