सरासरीच्या खाली कुणी नको!

"सरासरीच्या खाली एकही पोर सापडलं, तर शाळेला कुलूप!"

भादरगडच्या महाराजांनी हा हुकूम कोंढावळ्याच्या चावडीसमोर स्वतः सुनावला आणि गाव गार पडलं. कोंढावळ्याच्या हायस्कुलाचा निकाल यंदा साफ झोपला होता. झोपणार नाही तर काय! गणिताच्या मास्तरांना दिवाण त्रिंबकरावांनी राजधानीच्या शाळेत उचलून नेलेलं. पण हे महाराजांना सांगणार कोण? त्रिंबकराव उंचीनं एवढेसे, खुर्चीत बसले की पाय लोंबायचे, पण वजन मोठं. सरासरीचं खूळही त्यांनीच महाराजांच्या डोक्यात भरवलेलं.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. वर्गात कुणी पुढे, कुणी मागे असणारच. मागचं कुणीच नको म्हणजे काय!

खरा जीव टांगणीला लागला तो द्वारकीचा. तिच्या शेतकरी बापानं सांगूनच ठेवलं होतं, शाळा आहे तोवर शीक, शाळा मिटली की लग्न. रडवेली होऊन ती खळ्यावर जाऊन बसली. तिथं मळणी चालली होती. एका दाव्याला बांधलेले बैल गोल फिरत होते. म्हातारा पवळ्या ज्या चालीनं चालेल, त्याच चालीनं तरणे खोंडही मुकाट चालत होते. द्वारकी बघत राहिली आणि एकदम हसली. मग उठून तिनं वर्गातली सगळी पोरं गोळा केली.

परीक्षा घ्यायला महाराज स्वतः आले. दिवाणांनी पेपर तपासले आणि त्यांचं तोंड कडू झालं. वर्गातला सगळ्यात कच्चा गडी म्हणजे केरबा. त्याला एकच प्रश्न यायचा, नद्यांची नावं. अख्ख्या वर्गानं तेवढाच प्रश्न लिहून दौती बाजूला सारल्या होत्या! सगळ्यांना सारखेच गुण, आणि सरासरीही तेवढीच.

"ही थट्टा कुणाची?" महाराज कडाडले.

द्वारकी उभी राहिली. "थट्टा नाही सरकार, हुकूम पाळला. सरासरीच्या खाली एक तरी दाखवा."

"अगं, पण सगळेच नापास!"

"सरकार, उद्या आपण म्हणालात, दरबारात सरासरीपेक्षा बुटका कुणी नको, तर? दिवाणसाहेबांना ओढून काही उंच करता येणार नाही. मग बाकीच्या सरदारांनाच गुडघ्यात वाकून चालावं लागेल. आज आम्ही वाकलो."

महाराजांनी दिवाणांचे लोंबते पाय पाहिले, मागचे ताडमाड सरदार पाहिले, आणि असे हसत सुटले की पगडी दोन्ही हातांनी धरावी लागली.

"बरं बाई, हुकूम मागे! आता ताठ उभं राहून लिहा!" ते डोळे पुसत म्हणाले.

पोरांनी दौती पुन्हा पुढे ओढल्या आणि जो तो आपल्या चालीनं लिहू लागला. पेपर चाळताना महाराजांची मान डोलू लागली, ती गणिताच्या पानावर थांबली. ते सगळ्यांचंच कोरं होतं!

"हे काय गं?"

द्वारकीनं हळूच दिवाणांकडे पाहिलं. "गणितात आम्ही न वाकताच सारखे आहोत, सरकार. आमचे मास्तर तेवढे राजधानीतून परत द्या."

महाराज पुन्हा खदखदून हसले. मास्तर दुसऱ्याच दिवशी परत आले, तेही दिवाणांच्या घोडागाडीतून. आणि द्वारकी म्हणेल तोवर तिच्या शिकण्याचा खर्च दरबारचा, असं महाराजांनी तिच्या बापाला चावडीवर बोलावून ठणकावलं.