बस्त्याचा बुरूज

खाडीच्या तोंडाशी ती अर्धी पडलेली भिंत दिसते ना, तिला आम्ही सावरशेतकर बस्त्याचा बुरूज म्हणतो. हसू नका. लग्नाच्या कापडांची आणि तोफांच्या बुरजाची गाठ कशी पडली, ते ऐका आधी.

फिरंग्यांच्या अमलात हा कोट बांधायला समुद्रापलीकडून तादेव नावाचा माणूस आला. गोल बुरूज तोफेपुढे टिकत नाहीत, टोकदार हवेत, असं त्याचं म्हणणं. देशोदेशी कोट बांधले, पण स्वतःचं घर कुठेच नाही. इथे त्याला जीव लावला धाकू पाथरवटाने. दोघं एका ताटात जेवायचे म्हणे.

धाकूच्या लेकीचं, चांगुणाचं, लग्न ठरलं. तादेव म्हणाला, "धाकू, बस्ता माझा!" आणि स्वतःशीच हसला. त्याच्या भाषेतही असाच शब्द होता, ‘बास्ता’, पण त्याचा अर्थ ‘पुरे, थांबा’. ही गंमत त्याने कुणाला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

किल्लेदाराची घाई फार. चुना ओला असतानाच भिंत चढत गेली. एका दुपारी धक्क्यावर उभ्या तादेवाला ती पोटातून फुगलेली दिसली. हात हलवत तो जिवाच्या आकांताने ओरडला, "बास्ता! बास्ता!"

त्याचे हात पाहून वरचे गवंडी उड्या टाकून सुटले. धाकू मात्र लांब सावलीत बसला होता. त्याने नुसती हाक ऐकली. कापडांची होडी आजउद्या यायचीच होती. "चांगुणे, तुझा बस्ता आला गो!" म्हणत तो भिंतीच्या कडेकडेने धक्क्याकडे धावत सुटला. आणि भिंत त्याच्यावर आली.

दुसऱ्या दिवशी होडी लागली. तादेवाने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि अनवाणी धाकूच्या दारात जाऊन उभा राहिला. धाकूची बायको एवढंच म्हणाली, "हसत गेले हो ते." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुरूज पुन्हा उभारायचा हुकूम सुटला. तादेव मान हलवून एकच शब्द बोलला, "बास्ता." त्यानंतर त्याने दगडावर दगड ठेवला नाही, असं सांगतात.

आजही सावरशेतात बस्ता आला की कुणी हाक मारत नाही. आणणारा मुकाट्याने आत येतो, नवरीच्या बापाला हाताला धरून खाली बसवतो. तो नीट बसला, की मगच गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवतो.