लख्ख अंगण आणि कोरडा आड

आड आणि दगड माणसांशी तोंड उघडून बोलत, त्या काळची गोष्ट. दाजिबाच्या अंगणात एक जुना आड होता. पायांना चिखल लागतो म्हणून दाजिबाने उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सारं अंगण फरशीने मढवलं आणि सांधे चुन्याने बुजवले.

पावसाळ्यात पाणी फरश्यांवरून थेट रस्त्यावर धावू लागलं. आड ओरडला, "बायांनो, थोडं खाली मुरू द्या. माझे झरे त्यावरच जगतात."

"आडोबा, वर बघा जरा," फरश्या हसल्या. "दाजिबा किती खूश आहेत. अंगणात थेंब ठरत नाही."

आड आतल्या आत धुमसत राहिला.

चैत्रात पाडव्याला पाहुणे यायचे होते. धुळीने माखलेल्या फरश्या म्हणाल्या, "आडोबा, दोन बादल्या पाणी द्या. नाहीतर चारचौघांत शोभा होईल आमची."

दाजिबाने बादली सोडली. ती तळाच्या खडकावर आपटली.

"ऐन सणाला दगा दिलास," दाजिबा खवळला.

आड त्याहून खवळला. "दगा मी दिला? पावसाळाभर माझ्या तोंडचा घास तुझ्या दारातून वाहून जात होता, आणि तू ओसरीवर बसून 'अंगण कसं लख्ख झालं' म्हणत होतास. आता माझ्याकडे द्यायला फक्त तळ आहे."

दाजिबाने रिकामी बादली वर ओढून बाजूला ठेवली. मग त्याने पहार आणली आणि पहिल्या फरशीच्या सांध्यात घातली.

"अहो, टवका उडेल माझा," फरशी कळवळली.

"उडू दे," दाजिबा म्हणाला. "पुढच्या पाडव्याला पाहुण्यांना प्यायला काय देऊ, तुझी चकाकी?"