गोमती कातारणीचे लाकडी दागिने

एक होतं नगर. त्या नगरात राजा होता. पण गोष्ट राजापासून सुरू होत नाही, बरं का. सुरू होते गोमती कातारणीपासून. कातारीण म्हणजे काय, ठाऊक आहे? लाकूड चाकावर गरगरा फिरवायचं, त्याला धारदार पटाशी लावायची, की लाकूड गोल होत जातं. तुमचे भोवरे, आईचं लाटणं, पाळण्यावरच्या चिमण्या, हे सगळं कातारी करतात.

गोमती आणि तिचा नवरा मिळून हे काम करायचे. तो दोरी ओढून चाक फिरवायचा, ती पटाशी धरायची. एका वर्षी नगरात तापाची साथ आली आणि तिचा नवरा गेला. मग काय? चाक फिरवायला कोणी नाही. गोमती चाकासमोर जाऊन बसायची आणि हात मांडीवर तसेच. शेजारणी भाकरी आणून ठेवायच्या. ती तशीच वाळून जायची. रडूसुद्धा येत नव्हतं बिचारीला.

राजवाड्याच्या दरवाजावर नगारखाना होता. रोज पहाट फुटली की तिथे तिघं जण बसायचे. आवडाबाई गायची, गोंदाजी सनई वाजवायचा आणि हैबती संबळ वाजवायचा. सगळं नगर त्यांच्या सुरांनी जागं व्हायचं.

एकदा काय झालं, सकाळी सनई लागली आणि गोमती अंथरुणात उठून बसली. मग आवडाबाईनं सूर लावला. तो ऐकून गोमतीला रडू आलं. इतकं रडली, इतकं रडली, की पदर भिजला. मग हैबतीच्या संबळावर ठेका सुरू झाला, आणि काय गंमत, गोमतीचा पाय आपोआप जमिनीवर ताल धरू लागला. तिनं पायाकडे बघितलं. मनात म्हणाली, "अगं बाई! हा पाय एवढा हलतोय, तर दोरी का नाही ओढणार?" तिनं दोरी पायाला बांधली. पाय ठेक्यावर हलला, चाक फिरलं, तिनं पटाशी धरली. त्या दिवशी तिनं एक भोवरा केला. वाकडा झाला, पण झाला. आणि संध्याकाळी तिनं गरम भाकरी खाल्ली.

तेव्हापासून गोमतीच्या मनात एकच. या तिघांना आपण काहीतरी दिलं पाहिजे. पण राजाच्या माणसांना कातारणीनं काय द्यायचं?

तिकडे राजाच्या मनातही तेच आलं बरं का. राजा चांगला होता. त्या तिघांवर त्याचा फार जीव. दसरा जवळ आला होता, दरबाराला देशोदेशीचे पाहुणे यायचे होते. राजा म्हणाला, "माझे कलावंत आणि अंगावर दागिना नाही? छे छे!" मग त्यानं सोन्याचे दागिने घडवून घेतले आणि स्वतःच्या हातानं त्यांना घातले. गोंदाजीच्या बोटाबोटांत अंगठ्या घातल्या. आवडाबाईच्या गळ्याला गच्च बसणारी जाडजूड ठुशी घातली. हैबतीच्या मनगटांत वजनदार कडी घातली.

आणि दुसऱ्या दिवसापासून वाजवणं बिघडलं.

अंगठ्यांमुळे गोंदाजीची बोटं सनईच्या भोकांवर नीट बसेनात, मग सनई फसफसायची. आवडाबाईनं सूर वर नेला की ठुशी गळ्यात रुतायची, आवाज अर्ध्यातच तुटायचा. हैबतीचे हात कड्यांनी जड झाले, ठेका मागे पडू लागला. कावळेसुद्धा उडून जायला लागले.

राजा खिडकीत बसून ऐकायचा आणि कष्टी व्हायचा. त्याला वाटलं, हे थकले. किंवा यांना आपला कंटाळा आला. त्याला जेवण गोड लागेना. शेवटी त्यानं तिघांना बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दसऱ्याच्या सकाळपर्यंत वाट बघतो. तेव्हाही सूर लागला नाही, तर तुम्ही आपापल्या गावी जाऊन आराम करा. मी दुसरे वाजवणारे आणीन." तिघांनी माना खाली घातल्या.

इकडे गोमतीचा पाय रोज ठेक्याची वाट बघायचा आणि ठेका चुकायचा. तिला राहवेना. ती नगारखान्याच्या पायऱ्या चढून वर गेली. बघते तर काय, गोंदाजीच्या बोटांवर लाल वळ उठलेले आणि आवडाबाईच्या मानेला काचलेलं.

"अहो आवडाबाई," गोमती कळवळून म्हणाली, "हे काढून का नाही ठेवत?"

"कसं काढू गं? महाराजांनी स्वतःच्या हातानं घातलंय. काढलं तर त्यांच्या मनाला लागेल."

"मग मी करते तुमच्यासाठी दागिने. लाकडाचे. वाजवताना मध्ये येणार नाहीत असे."

गोंदाजी हसला. हसला, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "करून बघ, माये," तो म्हणाला.

मग गोमती तिथेच कोपऱ्यात बसली आणि तिघांना वाजवताना बघत राहिली. बघता बघता तिच्या ध्यानात आलं. गोंदाजीचे गाल फुगतात, बोटं नाचतात, पण कान मात्र जागच्या जागी. म्हणजे त्याला कानातली भिकबाळी. आवडाबाईचा गळा सुरांबरोबर फुलतो, गळ्याला काही नको. तिला छातीवर रुळणारी लांब माळ, फुलासारखी हलकी. हैबतीची मनगटं पाखरासारखी उडतात, ती मोकळी हवीत. त्याला दंडावर वाकी.

आता लाकूड हवं. गोमती रानात गेली.

पहिल्यांदा भेटलं चंदनाचं झाड. ते म्हणालं, "कुणासाठी गं?" रानातली झाडं तेव्हा बोलायची बरं का. गोमती म्हणाली, "सनईवाल्या गोंदाजीच्या कानासाठी." चंदनानं एक वाळकी फांदी खाली टाकली.

मग भेटली पिवळ्या फुलांची शिवण. तीही म्हणाली, "कुणासाठी गं?" "आवडाबाईच्या माळेसाठी." शिवणीनंही फांदी टाकली. कशी हलकी! फुंकर मारली तर उडेल.

मग भेटला फणस. म्हातारा, पोट सुटलेला, खोडभर गाठी. "कुणासाठी?" तो गुरगुरला. "हैबती संबळवाल्यासाठी." फणस म्हणाला, "मी इतक्या आत राहतो. मला कधी त्यांचं गाणं ऐकू आलं नाही. मी का देऊ? आधी गाऊन दाखव."

आता आली का पंचाईत! गोमतीला गाता येत नव्हतं. तिचा आवाज म्हणजे गंजलेली कडी. ती लाजली, इकडे तिकडे बघितलं, डोळे मिटले आणि गायली. आवडाबाईचा सूर तोंडानं काढला, हैबतीचा ठेका मांडीवर धरला, सनईसाठी पूं पूं केलं. फणस हसायला लागला. पानं हसली, फांद्या हसल्या, खोड गदागदा हललं, आणि हसता हसता एक जाड वाळकी फांदी कडकन तुटून खाली आली. "घेऊन जा," फणस म्हणाला. "गाणं काही कळलं नाही. पण तुझा जीव त्यात आहे, ते कळलं."

मग गोमती कामाला लागली. चंदनाची भिकबाळी घडवली, हरभऱ्याएवढे मणी तारेत ओवून. शिवणीच्या मण्यांची माळ केली. प्रत्येक मणी आतून पोखरला, वजन म्हणून राहू दिलं नाही. पिवळ्या फणसाची वाकी केली आणि तिच्यावर लाखेचा लाल रंग चढवला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. गोमती दागिने घेऊन वर गेली. तिघं एकमेकांकडे बघू लागले. राजाचं सोनं काढायचं कोणी? शेवटी आवडाबाई म्हणाली, "महाराजांनी मला माझ्या गाण्यासाठी जवळ केलं. ते गाणंच गेलं तर त्यांना मी काय देऊ?" तिनं ठुशी काढली आणि तबकात ठेवली. मग अंगठ्या आल्या. मग कडी आली. मग गोमतीनं एकेकाला लाकडाचा दागिना घातला.

गोंदाजीनं सनई ओठाला लावली.

काय सांगू पोरांनो! सूर कसा निघाला, तर उन्हाच्या तिरिपेसारखा. भिकबाळीतून चंदनाचा वास सुटला आणि गल्लीगल्लीत शिरला. आवडाबाईनं आवाज वर नेला, आणि माळेच्या मण्यामण्याला शिवणीची पिवळी फुलं फुटली. हैबतीची मनगटं उडाली, आणि दंडावरची वाकी भुंग्यासारखी गुणगुणत ठेक्याला साथ देऊ लागली. नगरातली माणसं दारात आली. हातातली तोरणं हातातच राहिली.

राजा अनवाणी धावत आला. पायऱ्या चढला, वर आला, आणि तबकातलं सोनं बघून थबकला. वाजवणं थांबलं.

"माझे दागिने नकोसे झाले?" राजा म्हणाला.

आवडाबाई पुढे झाली. "महाराज, नकोसे नव्हते. रुतत होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही मायेनं घातलेत. मायेनं दिलेलं काचतंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?"

राजानं गोंदाजीचा हात हातात घेतला. बोटांवरचे वळ बघितले आणि खाली पायरीवर बसला. डोळे भरून आले त्याचे. "आणि मी तुम्हाला घालवून देणार होतो," तो म्हणाला. त्यानं खोबरेल तेल मागवलं आणि स्वतःच्या हातानं गोंदाजीच्या बोटांना चोळलं, एकेका बोटाला.

मग त्यानं गोमतीला विचारलं, "बाई, तू यांची कोण?"

गोमती म्हणाली, "कोणी नाही, महाराज. माझं घर मुकं झालं होतं. यांच्यामुळे ते पुन्हा बोलायला लागलं."

राजानं मान हलवली. मग तो म्हणाला, "वाजवा." आणि तिथेच पायरीवर बसून त्यानं सगळं ऐकलं. पाहुणे खाली खोळंबले होते, तर खोळंबले!

त्या दिवशी दरबारात लाकडाचे दागिने मिरवले. राजानं ते सोनं तिघांच्या घरी पाठवलं, आणि सणावाराला ते त्यांच्या लेकीसुनांच्या अंगावर चमकलं. गोमतीकडे तर रीघ लागली. कोणी म्हणायचं, "मला अमका कीर्तनकार आवडतो, त्याच्यासाठी काहीतरी कर." कोणी म्हणायचं, "आमच्या ढोलकीवाल्यासाठी कर." गोमती पटाशी खाली ठेवायची आणि म्हणायची, "चल, आधी त्याला वाजवताना बघून येऊ." आणि दोघं बघायला जायची.

तर अशी ती माणसं तिकडे सुखात नांदली. आपण इकडे पांघरुणात नांदू या. पाय आत घे रे. तूही डोळे मीट गं. झोपा आता.