परक्यांचा कागद

सामोआच्या एका बेटावर फेतुआओ नावाचा एक गावप्रमुख होता. विधवा पेनीनाच्या नीरफणसाच्या बागेवर त्याचा डोळा. "कुळाची जमीन बाईकडे राहत नाही, ही आपली रूढी," असं म्हणून त्याने तिला घर सोडायला सांगितलं. ती जागची हलेना, तेव्हा पठ्ठ्याने थेट कोर्टात दावा ठोकला.

कोर्टात पेनीना उभी राहिली आणि न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, देशाच्या घटनेने मलाही पुरुषांइतकाच हक्क दिलाय."

"घटना? तो परक्यांचा कागद!" फेतुआओ गरजला. "मी तो मानत नाही."

"अजिबात नाही?" पेनीनाने भोळेपणाने विचारलं.

"मुळीच नाही!"

पेनीना न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, हे कोर्ट त्याच कागदाने उभं केलंय ना? प्रमुखांना कागद मान्य नाही, म्हणजे कोर्टही मान्य नाही. मग त्यांचा दावा कसला? मी घरी जाऊ?"

कोर्टात खसखस पिकली. फेतुआओला घाम फुटला. "तसं नव्हे... कागद मानतो की मी!"

"मग माझा हक्कही मानलात," पेनीना म्हणाली. "साहेब, तेवढं लिहून घ्या."

हसू दाबत न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि दावा फेटाळला.